वासावर चाललेलं स्वयंपाकघर

“खुशबू कब से नहीं आ रही?” डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हटलं, सर्दी झाली होती, तेव्हापासून जरा कमी येतोय, बाकी काही नाही. शेजारच्या खुर्चीवर गीता बसली होती. आमच्या अन्नछत्राचा स्वयंपाक तीच बघते. फरशीकडे बघत ती म्हणाली, “नाही ताई. होळीच्या पहिलेपासून तुम्हाला वास नाही येत. आम्हाला सगळ्यांना मालूम आहे.”

तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती.

मी डॉक्टरांकडे गेले होते उजव्या हाताच्या थरथरीसाठी. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, डोळे मिटून कॉफी आणि लवंग हुंगायला दिली. मला दोन्ही सारखीच वाटली, म्हणजे काहीच वाटली नाहीत. याला अॅनोस्मिया म्हणतात, वास घेण्याची शक्ती जाणं. मग त्यांनी पार्किन्सन्स हे नाव उच्चारलं. मेंदूतल्या काही पेशी हळूहळू कमी होतात, त्यामुळे हालचाल मंदावते, हात थरथरतो. कधी कधी त्याच्या कितीतरी आधी वास जातो.

दुसरं काही नाही ना, हे बघायला एमआरआय सांगितला. टावर चौकाजवळच्या त्या सेंटरमध्ये नंबर लागेपर्यंत आम्ही दोघी बसून होतो. ह्यांना मी बाहेर चहा प्यायला पाठवलं होतं, कारण मला गीताशी बोलायचं होतं.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. मी माधव नगरला बँकेत होते. आमच्या साहेबांसमोर कोणी तोंड उघडत नसे. मीटिंगमध्ये सगळे माना डोलवायचे आणि मग जिन्यात उभं राहून खरं बोलायचे. त्याला कंटाळून मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मोठ्या दवाखान्याजवळ, पेशंटच्या नातेवाइकांसाठी जेवण सुरू केलं. इथे कोणी साहेब नसेल, असं मी पहिल्याच दिवशी सगळ्या बायकांना सांगितलं होतं. मला ते मनापासून वाटत होतं.

पण एक नियम मी घरून आणला. आमच्याकडे देवाला ताट दाखवल्याशिवाय कोणी चव घेत नाही. आमटी जमली की नाही, हे आई वाफेवरून सांगायची. मीही ते शिकले होते आणि त्याचा मला गर्व होता. अन्नछत्रात वाढप सुरू होताना नैवेद्य दाखवायचा, त्याआधी मी प्रत्येक भांड्याचं झाकण काढून वास घ्यायची आणि “होऊ द्या” म्हणायची. चाखायची मनाई.

“मग तुम्ही काय करत होतात?” मी गीताला विचारलं.

“तुम्ही देवापाशी गेल्या की मागच्या दरवाज्यापाशी वाटीत घेऊन चाखायचो. पहिले-पहिले पाप लागेल वाटायचं. मग आदत पडली.”

“आणि उन्हाळ्यात एकदा वाढायला उशीर झाला होता, तो?”

“दाल खराब झाली होती, ताई. तुम्ही ‘होऊ द्या’ म्हणून गेल्या. आम्ही फेकून खिचडी टाकली आणि गॅस संपला म्हणून सांगितलं.”

त्या दिवशी मी सगळ्यांना फैलावर घेतलं होतं. दवाखान्यातून थकून येणाऱ्या माणसांना ताटकळत ठेवता, जरा लाज वाटू द्या, असं म्हणाले होते. ती विटलेली डाळ त्याच माणसांच्या पोटात गेली असती.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्हाला कोण सांगणार?” ती रागाने बोलली नाही. माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

त्या मशीनच्या ठकठकाटात मला आजाराची भीती वाटायला हवी होती. मला आमच्या बँकेतला जिना दिसत होता.

एमआरआयमध्ये दुसरं काही निघालं नाही. गोळ्या सुरू झाल्या. मेंदूत जे कमी पडतं, त्याची त्या भरपाई करतात. थरथर बरीच कमी आहे. वास परत आलेला नाही आणि बहुधा येणारही नाही. तुमच्या घरात कोणाला असं होत असेल तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. मी वास येत नाही हे स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. हिंगच हल्ली चांगला मिळत नाही, असं म्हणत होते.

अन्नछत्र आता गीता चालवते. पहिल्याच आठवड्यात तिने नैवेद्य थोडा आधी दाखवायला सुरुवात केली, म्हणजे तो झाल्यावर चाखायला वेळ मिळतो. देवाचं काही बिघडलं नाही. इतकं सोपं होतं, आणि ते सुचवायची कोणाची हिंमत होऊ नये, याचं मला अजून वाईट वाटतं. नोकरी बदलली, पगार सोडला, पण साहेब काही मला सोडता आला नाही. तो मीच होते.

परवा मी सगळ्यांशी गप्पा मारत शेंगा सोलत बसले होते. एका नव्या बाईने, मलाच विचारायचं असतं असं समजून, डाळीचं पातेलं माझ्यापुढे आणलं, झाकण काढलं आणि उभी राहिली. सगळ्यांचे हात थांबले. मी म्हटलं, “मला कळत नाही गं. गीताला विचार.”

गीताने नैवेद्याचं ताट दाखवलं, मग चमचाभर डाळ तोंडात घातली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “ताई, खालून लागून गेली आहे. तुमच्या गप्पांमध्ये हिचं ध्यान नाही राहिलं.”

मला खूप बरं वाटलं.