माप बसत नाही

ती घटना आजही मनातून जात नाही, आणि खरं सांगायचं तर ती जावी असं मला फार वाटतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्या गोष्टी मी जेवणानंतर पाहुण्यांना रंगवून सांगतो. ही गोष्ट मात्र आमच्या घरात कुणी काढत नाही. चुकून निघालीच तर बायको स्वयंपाकघरात निघून जाते आणि मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालतो. आता निवृत्त झालो आहे, तेव्हा नावं वगळून एकदाची लिहून टाकतो.

नाशिक शहरातल्या एका ठाण्यात मी पोलीस निरीक्षक होतो. लग्नसराई जोरात होती. त्या दिवसांत तक्रारीही ठरलेल्या असतात: लॉन्सवरून गेलेली पर्स, रात्री उशिरापर्यंत चाललेला डीजे, द्वारका चौकात वऱ्हाडाच्या बसने कुणाच्या तरी गाडीला घासलेलं. माझ्या भाचीचं लग्नही त्याच सुमारास गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर झालं. त्यासाठी मुलाने मला गडद निळं, बारीक जरीकाम असलेलं जाकीट आणून दिलं. जन्म खाकीत गेलेल्या माणसाला असलं काही शोभतं का, म्हणून मी कुरकुर केली. पण घातल्यावर आरशासमोरून हलेना, असं बायको सगळ्यांना सांगत सुटली. संध्याकाळभर मानेला मागून काहीतरी टोचत मात्र होतं. मी तक्रार केली तर मुलगा हसून म्हणाला, "नवीन कापड आहे बाबा, टोचणारच." पुढे एकदा मी जाकीट कुठे आहे विचारलं, तेव्हा ते ड्रायक्लीनला दिल्याचं कळलं. मग कामाच्या रगाड्यात मी विसरूनही गेलो.

काही दिवसांनी जेवताना मुलाने विषय काढला. तो चांगल्या कंपनीत नोकरीला आहे आणि त्याचा पगार तेव्हाही माझ्याहून जास्त होता.

"बाबा, सिडकोत एक बाई आहे. ऑनलाइन कपडे विकते. डिलिव्हरी मोफत म्हणते आणि माल परत केला की रिफंडमधून शिपिंगचे पैसे कापून घेते. माझ्या मित्राचे कापले, अजून बऱ्याच जणांचे कापलेत. सरळसरळ फसवणूक आहे."

"कितीशी रक्कम आहे?"

"रक्कम किरकोळ आहे हो. पण तत्त्वाचा प्रश्न आहे. तुमच्याच ठाण्यात अर्ज येईल, जरा लक्ष घाला."

एरवी कुणी तत्त्वाचं नाव काढलं की मी सावध होतो. मुलगा बोलत होता म्हणून झालो नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा मित्र अर्ज घेऊन आला. खाली बऱ्याच सह्या होत्या. त्या मंडळींनी आधीच ऑनलाइन तक्रारही ठोकली होती, त्यामुळे बाईंच्या बँक खात्यातले व्यवहार थांबले होते. चौकशी करून ठाण्याने पत्र दिल्याशिवाय ते खातं मोकळं होणार नव्हतं. मी अर्ज चौकशीवर घेतला आणि बाईंना ठाण्यात हजर राहायला कळवलं.

त्या आल्या तेव्हा सोबत शिलाई करणारी एक बाई होती, मूळची दिंडोरीकडची. पूर्वी द्राक्षांच्या बागेत छाटणीला जायची, नंतर मशीन शिकून सिडकोत आलेली. तिच्या खांद्यावर भरलेली गोणी होती. ती तिने माझ्या टेबलाशेजारी दाणकन ठेवली. आमच्या हवालदाराने डोळे वटारले, पण तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. म्हणजे बसा म्हटलं नाही.

"काय हो ताई, जाहिरातीत मोफत म्हणायचं आणि मागून कापायचं? याला काय म्हणतात माहीत आहे का?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. वेबसाइटवर लिहिलं होतं: कपडा ठेवला तर डिलिव्हरी मोफत, परत केला तर जाण्यायेण्याचा खर्च वजा होईल. लिहिलेलं होतं खरं, पण सगळ्यात खाली आणि मुंगीएवढ्या अक्षरात.

"हे वाचायला काय भिंग घेऊन बसायचं लोकांनी?"

"अक्षर आजच मोठं करते साहेब, वरतीच टाकते. तेवढी चूक माझी आहे. पण खातं तेवढं सोडवा. कापड घ्यायला पैसा नाही, ऑर्डरी पडून आहेत. या आठवड्यात सुटलं नाही तर मशिनी विकाव्या लागतील. बायका माझ्या भरवशावर कामाला येतात हो."

मी विचारलं, हे कापणं पहिल्यापासून होतं का? नव्हतं म्हणाल्या. सुरुवातीला त्या दोन्हीकडचा खर्च स्वतःच सोसायच्या. मग लग्नाच्या प्रत्येक मोठ्या तिथीनंतर परतीच्या पार्सलांचा ढीग येऊ लागला. कारण सगळ्यांचं एकच. माप बसत नाही.

"मला आधी खरंच वाटलं साहेब. कटिंग मीच करते. म्हटलं, आपलंच चुकतंय. खांद्याचं माप बदललं, तरी परत. पुन्हा बदललं. मग ज्यांना पूर्वी नीट बसायचं ते म्हणायला लागले की ढगळ होतंय. आता कापडावर कात्री ठेवायची म्हटलं की माझा हात अडखळतो."

एवढा वेळ गप्प असलेल्या दिंडोरीच्या बाईचा धीर सुटला. तिने गोणीचं तोंड सोडलं आणि सगळे कपडे टेबलावर ओतले. माझ्या फायली त्याखाली गेल्या.

"वास घिऊन बघा साहेब. नवं कापड हाय का हे? ही हळद हाय. शिलाईला आमी हळद लावतो व्हय? ह्यो बघा रश्श्याचा डाग. माप बसत नाय म्हन. माप बसलं नाय तर ह्यो यात बसून जेवला कसा?"

हवालदाराला हसू फुटलं. मलाही आलं असतं, पण मी साहेब होतो.

चौकशीत मी एक गोष्ट नेहमी पाहत आलो. लबाड माणूस स्वतःविषयी फार बोलतो, मी असा, माझं घराणं असं. ही बाई आल्यापासून खांदा, कॉलर आणि शिवण यांच्यापलीकडे गेली नव्हती. तेव्हाच माझं मत फिरलं. मी दोघींना बसायला सांगितलं, चहा मागवला आणि सवयीने एकेका कपड्याची झडती घ्यायला लागलो. एका कुर्त्याच्या खिशात अक्षता निघाल्या. एकात दात कोरायची काडी. एका शेरवानीच्या बाहीला अत्तराचा भपकारा होता. हवालदार नोंद घेत होता आणि मला, खोटं कशाला बोलू, मजा यायला लागली होती. लोक किती कोडगे असतात, यावर मी त्याला चार शब्द ऐकवलेसुद्धा.

मग हातात गडद निळं जाकीट आलं.

तसली जाकिटं शहरात शेकड्याने असतील, असं मी मनाला सांगितलं. आतल्या खिशात बोटं घातली. पुडी लागली.

माझा घसा लवकर बसतो. म्हणून माझी बायको, मी कुठेही निघालो की, लवंग आणि खडीसाखरेची पुडी खिशात घालते. दिनदर्शिकेच्या जुन्या पानाचा तुकडा, तोंडाला दुहेरी मुरड आणि टोक आत खोचलेलं. बंदोबस्ताला असू दे की मुंबईला साक्षीला, ती पुडी माझ्या खिशात असतेच. अंधारातही मला ती बोटांना कळली असती. तरी मी कॉलर उलटी केली. आतल्या बाजूला किमतीचं लेबल प्लास्टिकच्या दोऱ्याने लटकत होतं, आणि तो दोरा जिथे शिवणीतून निघत होता ती जागा नेमकी माझ्या मानेच्या मागे येणारी होती.

टोचलं होतं ते हे.

"काय सापडलं साहेब?" हवालदाराने लेखणी उचलून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि मूठ मिटली.

मुद्देमालाला मी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी, माझ्यासमोर दोन बायका चहा पीत असताना, मी तो माझ्या खिशात टाकला. कान तापले होते. भाचीच्या लग्नात फेटा बांधून, ताठ मानेने, येणाऱ्या-जाणाऱ्याला मी "मुलाने घेतलंय" म्हणून ते जाकीट दाखवत फिरलो होतो. घेतलेलं नव्हतंच ते. एका संध्याकाळपुरतं वापरायला आणलेलं होतं, आणि त्याच्या मालकिणीला मी आत्ता उभं करून दरडावलं होतं.

यात फौजदारी गुन्हा दिसत नाही, खातं मोकळं करायचं पत्र आजच पाठवतो, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. "तुमच्यासारखे साहेब आहेत म्हणून," असं काहीतरी त्या म्हणाल्या. त्या जाईपर्यंत मला मान वर करता आली नाही.

खरी चौकशी संध्याकाळी घरी झाली. जेवायला बसलो तेव्हा मी पुडी मुलाच्या ताटाशेजारी ठेवली आणि एक शब्दही बोललो नाही. संशयितासमोर वस्तू ठेवून गप्प बसायचं, ही माझी जुनी पद्धत. पण आधी बोलली ती बायको.

"अगंबाई, ही तर माझीच पुडी. लग्नात दिलेली. कुठे सापडली हो?"

मुलाचा घास हातातच राहिला. मग तो बोलायला लागला.

"बाबा, सगळेच करतात हो. लेबल काढलं नव्हतं मी, आत खोचलं होतं. एवढं महागाचं तुम्ही परत कधी घालणार होतात? आणि परत करायची सोय त्यांनीच दिलीय ना?"

"मग शिपिंग कापलं तर तक्रार कसली केलीस? गाडीभाडंच होतं ते."

"माझं नाव नाहीये अर्जावर."

"माहीत आहे. मित्राला पुढे केलंस. मापाचं काय लिहिलंस?"

बायको उठली नाही, रागावलीही नाही. तिने फक्त पुडी उचलली, पदराच्या टोकाने पुसली आणि म्हणाली, "एवढ्या लोकांत यांना मिरवलंस रे." मग मात्र तो रडला. तिशीतला, स्वतःच्या पैशाने गाडी घेतलेला माणूस.

ते पत्र मी तसंच ठेवलं होतं, सकाळी आधी वरिष्ठांकडे गेलो. झालेलं सगळं सांगितलं, पुडी टेबलावर ठेवली आणि अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्या म्हणून लेखी दिलं. ते मोठ्याने हसले. "अहो, एका जाकिटासाठी? माझी सून महिन्याला गठ्ठाभर परत करते!" पुढच्या अधिकाऱ्यानेही माझ्यासारखाच अहवाल दिला आणि खातं मोकळं झालं. त्या हसण्याने मला दिलासा मिळायला हवा होता. उलट जास्तच लाज वाटली.

रविवारी मी मुलाला घेऊन सिडकोत गेलो. गणवेश न घालता. दोन खोल्यांत मशिनी घरघरत होत्या. बाईंनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पोलीस दारात आला की चांगल्या माणसाचाही उतरतो, पण त्या दिवशी ते पाहवलं नाही. मी उभ्यानेच सांगून टाकलं की ते निळं जाकीट माझ्या अंगावरचं होतं. मुलाने माफी मागितली आणि पूर्ण पैसे पुढे केले. चार बायका मशीन थांबवून आमच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता ही बाई बोलेल आणि आपण ऐकून घ्यायचं. मनाची तयारी करून गेलो होतो.

त्यांनी पैसे घेतले, जाकीट आणून दिलं. आणि मग फार हळू आवाजात विचारलं,

"साहेब, रागावू नका. पण बसलं होतं का हो अंगाला? खांद्यात?"

"अगदी नेमकं बसलं होतं," मी म्हणालो. "मी आरशासमोरून हललो नव्हतो."

त्या वळल्या आणि आतल्या खोलीकडे ओरडल्या, "ऐकलंस का गं? खांदा पहिल्यापासून बरोबर होता!"

"मी काय म्हनत व्हते," आतून दिंडोरीची बाई म्हणाली.

मग त्यांनी भिंतीवर लावलेला मापांचा कागद ओढून काढला आणि खडू घेऊन टेबलावर कापड पसरलं. आम्ही दोघं अजून दारात उभे आहोत, हे त्यांच्या लक्षातही राहिलं नसावं.

लोक विचारतात, नोकरीने काय शिकवलं. मी दुसऱ्यांचे खिसे तपासायला शिकलो, आणि घरातला एकही खिसा कधी तपासला नाही. चोर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर नेहमी कुणी परका माणूस यायचा, अंगावर वाईट कपडे असलेला. या प्रकरणातल्या चोराच्या अंगावर जरीचं जाकीट होतं आणि तो भाचीच्या लग्नाच्या फोटोत मध्यभागी उभा आहे. तो फोटो आमच्या हॉलमध्ये होता. आता कपाटात आहे.

जाकीट मी अजून वापरतो, टाकून देणं बरं दिसणार नाही. लेबल केव्हाच कापलं. तरी कुणी म्हणालं, "छान दिसतंय हो साहेब," की माझा हात आपोआप मानेमागे जातो.