शंभरपासून मोजणारे टेपकाका

टेपकाका पाइप कापण्याआधी घाबरायचे. चाळीस वर्षं फिटरचं काम केलेला माणूस, पण कटर सुरू करण्याआधी माप तीनदा मोठ्यानं वाचायचा आणि तिन्ही वेळा त्याच्या कपाळावर घाम असायचा. कोणी हसलं की म्हणायचे, "ज्याला भ्याव वाटत नाय, त्याच्या हातात टेप देऊच नका."

शेंद्र्याच्या एका लहान कारखान्यात मी इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा मला टेप नीट वाचता येत नव्हता. गंगापूर तालुक्यातल्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. कॉलेजात मापं कागदावर छापून मिळायची. इथं पट्टीच्या वरच्या कडेला इंच, खालच्या कडेला सेंटिमीटर, आणि चार माणसं बघत उभी. माझी फजिती काकांनी ओळखली. डबा खाताना त्यांनी टेप माझ्याकडे सरकवला.

"मॅडम, वरची बाजू विसरा. बारकी रेघ म्हंजे एक मिलिमीटर. धा रेघा झाल्या की एक सेंटिमीटर, तिथं आकडा. चौऱ्याऐंशी दिसलं की म्हणायचं आठशे चाळीस. तोंडानं सगळं मिलिमीटरमधीच बोलायचं, न्हाईतर लई घोटाळा व्हतो."

टेपच्या टोकाची पत्री वापरून ढिली होते, म्हणून काका तिच्यावर कधी विसंबले नाहीत. ते शंभर मिलिमीटरची रेघ पाइपच्या टोकाला लावायचे आणि खूण शंभरानं पुढे करायचे. आठशे चाळीसचा तुकडा हवा असेल तर खूण नऊशे चाळीसवर.

एकदा मशीनच्या जाळीसाठी स्टीलचे आठशे चाळीसचे बारा पाइप हवे होते. काका दुसऱ्या कामात होते. मी हौसेनं त्यांच्या पद्धतीनं शंभरची रेघ टोकाला लावली, खूण मात्र आठशे चाळीसवरच केली. बाराही कापून झाले. पहिला चौकटीत धरून पाहिला. प्रत्येक पाइप शंभरानं आखूड होता.

नोकरीत कायम होण्याआधीचे माझे सहा महिने अजून भरायचे होते. त्याआधी कधीही घरी पाठवता येत होतं. एसटी स्टँडवर भेटेल त्याला 'पोरगी इंजिनिअर झाली' म्हणून सांगणारे वडील डोळ्यांपुढे आले. तेवढ्यात साहेब आले.

"कोणी कापले हे?"

मी तोंड उघडलं. मग नुसताच हातातला पाइप खाली ठेवला.

मागून काका म्हणाले, "माझ्या हातून झालं, साहेब. दिसंना झालंय आताशा."

काका कंत्राटावर होते. महिनाअखेरीस त्यांना कामावरून थांबवलं. गेटवर मी रडतच त्यांना गाठलं. "काका, मी बोलायला पायजे होतं."

"तू बोलणार नाय, मला दिसत व्हतं की," ते हसले. "लई भ्याली व्हतीस. म्हणून तर मी आधी बोललो. जा आत, जेवणाची सुट्टी संपली."

पुढं मी हर्सूलला त्यांच्या घरी जात राहिले. त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि काढायची मला हिंमत झाली नाही. गेल्या थंडीत काका गेले. कारखान्यात अजून कोणीतरी म्हणतं, "माणूस सोन्यासारखा, पण शेवटी नजर गेली बिचाऱ्याची." मी दरवेळी मान खाली घालते.

हे लिहून झालं की आधी साहेबांना वाचायला देणार आहे. काय होईल ठाऊक नाही. ते बारा पाइप मी कापले होते.