दूध उतू गेलं तो पत्ता

रघुपतीरावांची सारी नोकरी बेंगळूरजवळच्या यशवंतपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेली. त्यामुळे जगातली निम्मी दुःखं चुकीच्या पत्त्यामुळे होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. उरलेली निम्मी कशामुळे होतात, हे विचारायच्या फंदात घरात कुणी पडत नसे. घर म्हणजे तरी काय, ते आणि सून वसुमती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा मधुकर अमेरिकेत इंजिनिअर होता. लग्नानंतर महिन्याभरातच तो परत गेला, आणि बायकोला तिकडे नेण्याचे कागद करण्यात दोन वर्षं निघून गेली.

आता ते कागद मद्रासच्या अमेरिकन वकिलातीत पोचले होते. मुलाखतीचं बोलावणं येणं तेवढं बाकी होतं. बोलावणं चुकलं तर अर्ज पुन्हा तळाशी जाणार, म्हणजे आणखी किती थांबायचं ते देव जाणे. मधुकरनं प्रत्येक पत्रात बजावलं होतं, की पत्ता बदलला तर वकिलातीला लगेच कळवा. हे कुणाला सांगतोस बाबा, असं रघुपतीराव मनाशी म्हणत.

आणि नेमका त्याच वेळी पत्ता बदलायला आला. जन्मभर मल्लेश्वरमच्या भाड्याच्या घरात काढून त्यांनी यशवंतपूरला दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. एक खोली स्वतःला, एक मुला-सुनेला. मुलगा काही त्या खोलीत राहायला येणार नाही हे त्यांना कळत होतं, पण खोली बांधल्यावाचून राहवलं नाही. घरात नळ यायचा होता, दारांना रंग लागायचा होता. पण आषाढ तोंडावर आला होता, आणि आषाढात नव्या घरात पाऊल कोण टाकणार? तेव्हा बेंगळूरात सगळे करतात तेच त्यांनी केलं. शेवटचा मुहूर्त साधून नव्या घरात चूल मांडली, वसुमतीनं तीवर दूध उतू घातलं, नैवेद्य झाला, आणि दाराला कुलूप लावून दोघं संध्याकाळी मल्लेश्वरमला झोपायला परत आली. सामान श्रावणात हलवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघुपतीरावांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात मद्रासला लिहून टाकलं, की आमचा पत्ता बदलला आहे. त्यांच्या हिशेबी बदललाच होता. दूध उतू गेलं, त्या घरची ती माणसं झाली. बाकी भांडीकुंडी काय, ती मागाहून येतात. सुनेला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

दूध उतू गेलेलं घर अंधारात ठेवू नये, म्हणून ते रोज संध्याकाळी चालत जाऊन तिथं दिवा लावून येत. मग त्यांना ताप आला. वसुमती उशाशी बसून राहिली आणि दिवा लावायचा राहिला. अंगात थोडी ताकद आली तसे एका दुपारी ते हट्टानं नव्या घरी गेले. दार उघडलं तर उंबऱ्याच्या आत वकिलातीचं पाकीट पडलं होतं. मुलाखत दुसऱ्याच दिवशी सकाळी होती.

घरी येईपर्यंत त्यांना धाप लागली होती. वसुमतीनं पाकिटावरचा पत्ता वाचला. एरवी तोंडाला तोंड न देणारी मुलगी म्हणाली, "अण्णा, आपण राहतो कुठं?"

"दूध उतू गेलं ना तिथं..." ते म्हणाले. आयुष्यभर लोकांचे पत्ते तपासले आणि घरच्याच माणसाचं पार्सल आपण भलत्या स्टेशनवर उतरवलं, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या अमावास्या," वसुमती म्हणाली. त्या दिवशी तिची नवऱ्याच्या आयुष्यासाठीची पूजा होती, आणि अमावास्येला रघुपतीरावांनी कधी गावाची वेस ओलांडली नव्हती.

"पूजा नवऱ्यासाठीच ना? मग नवऱ्याकडे जायचं बघ. स्वल्प फराळाचं बांध, मी येतो बरोबर."

मद्रास मेलमध्ये दोघांना बसायला जागा मिळाली एवढंच.

मुलाखतीच्या खोलीत गोरा अधिकारी सभ्य होता, पण त्याच्यापुढं एक कोडं होतं. पोलिसांच्या दाखल्यावर मल्लेश्वरम, वकिलातीला कळवलेला पत्ता यशवंतपूरचा. दाखल्याची तारीख ताजी होती. त्यानं विचारलं, "तुम्ही खरं कुठं राहता?"

वसुमतीला वाटलं, सरळ सांगावं की सासऱ्यांची चूक झाली. बाहेर बाकावर मफलर गुंडाळून बसलेले रघुपतीराव तिला दारातून दिसत होते. ती इंग्रजीत म्हणाली, "झोपतो मल्लेश्वरमला. घर यशवंतपूरला आहे. तिथं मी दूध उतू घातलंय."

अधिकारी बघतच राहिला. शेजारचा कारकून कृष्णमूर्ती मात्र हसला. "आमच्यातही असंच असतं, सर," म्हणून त्यानं साहेबाला दूध, मुहूर्त आणि आषाढ समजावून सांगितला. साहेबाला त्यातलं कितपत कळलं कोण जाणे, पण त्यानं सही केली.

दसऱ्यानंतर वसुमती विमानात बसली. रघुपतीराव नव्या घरात एकटे राहू लागले. तिचं नाव रेशनकार्डावरून कमी करायला हवं होतं. असल्या कामात त्यांनी जन्मात दिरंगाई केली नव्हती. या वेळी मात्र ते म्हणत, अजून तिची तिकडं चूल मांडलेली नाही, मधुकर घर बदलायच्या खटपटीत आहे, घाई कसली? तिच्या वाटणीची साखर ते उचलत नसत. नाव तेवढं राहू दिलं होतं.

मग तिचं पत्र आलं. 'नव्या घरात आलो. इथली चूल विजेची, दूध उतू म्हणून जाईना. हे म्हणाले, पुरे आता. मी म्हटलं, स्वल्प थांबा. उतू गेलं, धूर झाला, हे खिडक्या उघडत धावले. त्यानंतरच मी तुम्हाला पत्ता लिहायला बसले, अण्णा. त्याआधी लिहिलेला तुम्हाला चालला नसता.'

रघुपतीराव आधी मनापासून हसले. पत्र पुन्हा वाचताना त्यांचं हसू ओसरलं. नियम त्यांचाच होता, आणि सुनेनं तो अक्षर न अक्षर पाळला होता. त्यांना फार एकटं वाटलं. थोड्या वेळानं ते उठले, कोट चढवला आणि कार्ड घेऊन रेशनच्या ऑफिसात गेले.

"नाव कमी करायचं? सून घरातून कधी गेली?" कारकुनानं विचारलं.

विमानाची तारीख रघुपतीरावांना पाठ होती.

"आज," ते म्हणाले. "आजची तारीख घाला."