चाल विचारायची असते

अमेरिकेत, फ्रीमाँटच्या आमच्या मराठी मंडळात माझं भाषण ठरलं होतं. विषय होता, चिनी लोकांची गाण्यासाठी लिहिलेली जुनी कविता. वर्षभर वाचून तयारी केली होती. आदल्या आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला.

"वहिनी, तुमचं कॅन्सल केलंय. चायनीज म्हटलं की लोक सरळ जेवणाच्या लाइनीत जाऊन उभे राहतील, यार!"

त्या वेळात अध्यक्षांनी स्वतःच्या जीवनप्रवासाच्या स्लाइड्स दाखवल्या. गाड्याही कालक्रमाने होत्या. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. अपमान मी गिळत नाही, लोणच्यासारखा मुरत घालते.

फार थांबावं लागलं नाही. नवरात्रात त्यांचा साठीचा सत्कार होता. तो मंडळाने करावा हे त्यांनीच ठरवलं होतं, आणि गौरवगीत मी लिहावं, हेही.

माझ्या न झालेल्या भाषणात एवढंच होतं: मद्यालयांत गाणाऱ्या बायकांकडे चाली होत्या, काही तर परमुलखातून आलेल्या. कवी त्या तयार चालींत शब्द भरत. कवितेच्या माथ्यावर नाव चालीचं, मग आत विषय कुठलाही असो. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर 'चाल' छापतात, तसंच काहीसं. पुढे दरबारी अधिकारीही लिहू लागले आणि ती कविता प्रतिष्ठित झाली. नंतर चाली विसरल्या गेल्या, नुसते साचे उरले.

गौरवगीत मी फोनवर पाठवलं. वर चालीची जागा कोरी ठेवली. "शब्द मस्त!" असं उत्तर आलं. चाल त्यांनी विचारलीच नाही.

शब्द निर्मळ होते: कर्तृत्व, दूरदृष्टी, हिमालय. चाल होती भोंडल्याची, आमच्यातल्या प्रत्येकीला परकरात असल्यापासून पाठ.

सत्काराला अध्यक्ष फेटा बांधून हॉलच्या मधोमध उभे राहिले. मी पहिली ओळ उचलली. लगेच एका काकूंनी शेजारणीचा हात धरला आणि बघता बघता फेर सुरू झाला. हिमालय कुणी ऐकलाच नाही. बायकांच्या तोंडी सासूच्या गाण्याचे जुने शब्दच आले. अध्यक्ष हात जोडून स्वतःभोवती वळत, प्रत्येकीला नमस्कार करत होते.

"मॉम, व्हाय आर दे गोइंग अराउंड काका?" एका मुलीने मोठ्याने विचारलं.

"भोंडल्यात मध्ये पाटावर हत्ती ठेवतात ना," आई म्हणाली, "तो."

हॉलमध्ये हशा पिकला. अध्यक्षांचे जोडलेले हात सुटले.

"वहिनी, चाल आधी सांगायची ना!"

"सांगणारच होते," मी म्हटलं. "तुम्ही भाषण कॅन्सल केलंत."