सेंड कोण दाबणार?

बोरगाव मेघेच्या खोलीत आम्ही तिघी राहतो आणि तिघींना भीती एकच, अनोळखी प्राध्यापकांना मेल करायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्या प्रयोगशाळेत इंटर्नशिपला येऊ का, एवढंच विचारायचं असतं. पण भीती माणसाकडून काय काय करून घेते! आमच्या खोलीत चहाची भांडी साचतात तसे हे किस्से साचलेत.

*

पहिला मेल संघमित्राचा. लिहून तयार, पण पाठवायचा कधी? सकाळी सर घाईत असतील, दुपारी झोपले असतील, संध्याकाळी दमलेले असतील. रविवारचं तर विचारूच नका. शेवटी मी म्हटलं, "पंचांग आणू का?"

"मुहूर्त मी मानत नाई," ती म्हणाली. "पण सरायचा मूड मानतो."

*

एकदाचं तिनं सेंड दाबलं आणि फोन तांदळाच्या डब्यात टाकला. लगेच डब्यात टिंग वाजलं. झाकण उघडायची कोणाची छाती होईना. उघडलं तर आपोआप आलेला निरोप, सर महिनाभर बाहेरगावी आहेत.

संघमित्रानं फोनवरचे तांदूळ झटकले. "पाह्य, माह्या मेलनं सर गावच सोडून गेले."

*

माझी गत काय सांगू? मी आधी केळझरच्या गणपतीला नवस बोलले, मग मेल केला. सरळ नकार आला. आता कोणासमोर जायचं नाही, या आनंदात मी पेढे घेऊन नवस फेडून आले.

*

खरी धास्ती वडनेरच्या पल्लवीला. सुट्टीत घरी आलीस की पाहुणे बघायला येतील, असं आत्यानं सांगून ठेवलेलं. लग्न ठरलं की शिक्षण बंद. बाबा काहीच बोलत नव्हते आणि तिला त्याचंच जास्त भ्या वाटायचं. नागपूरच्या एका सरांनी इंटर्नशिपला बोलावलं तरच सुटका होती. मेल लिहून तिनं फोन संघमित्राच्या हातात कोंबला आणि सेंड संघमित्रानं दाबलं.

नंतर मी पल्लवीला विचारलं, "मेलच्या खाली नंबर कोणाचा टाकला वं?"

"बाबाचा. कॉलेजच्या फॉर्मवर पालकाचाच मागतेत ना."

आता सरांनी बाबांनाच फोन लावला तर, या धास्तीनं पल्लवीनं ताट बाजूला सारलं.

*

सरांचं उत्तर आलं तेव्हा तिनं डोळे गच्च मिटले. मी मोठ्यानं वाचलं.

'तुझ्या बाबांना फोन केला होता. नागपूरहून बोलतोय, पल्लवीबद्दल बोलायचं होतं, एवढंच म्हणालो. ते म्हणाले, "पोरगी शिकून राह्यली. तिचं शिकणं झाल्याबिगर सोयरिकीचं नाव काढू नका. तुमचा पोरगा मोठा साहेब असन तरी नाई." आणि फोन ठेवला. सुट्टी लागली की ये. बाबांना सांग, मला मुलगाच नाही.'