सासूबाई, कॅरॅव्हॅन आणि पानशेतचं पाणी

कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन फिरायची कल्पना माझ्या नवऱ्याची, निखिलची होती. पानशेतला जायची कल्पना मात्र कुणाचीच नव्हती. आम्हाला पवनेच्या काठावर जायचं होतं, पण मुक्ताची सहामाही परीक्षा संपून आमच्या दोघांच्या ऑफिसांतून सुट्टी मंजूर होईपर्यंत तिथल्या सगळ्या जागा भरल्या होत्या. गाडीचे पैसे तर आधीच भरलेले. पानशेतच्या बॅकवॉटरला एका शेतकऱ्याने गाड्या उभ्या करायला जागा, नळ आणि विजेचा प्लग अशी सोय केली होती. तिथे जागा मिळाली.

प्रश्न आईंचा होता. आई म्हणजे माझ्या सासूबाई. पानशेतचं धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, त्यांना खांद्यावर घेऊन उंचावरच्या एका ओळखीच्या घरी नेलं. पाणी ओसरल्यावर परत आले, तर नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या जागी नुसता चिखल होता. एवढंच मला ठाऊक होतं, आणि तेही निखिलकडून. आई त्याबद्दल बोलत नाहीत. पन्नासहून जास्त वर्षं त्याच पेठेत काढली, पण नदीपात्राच्या रस्त्याने रिक्षा नेऊ देत नाहीत.

निखिलने भीत भीत विषय काढला. आई भाजी निवडत होत्या.

"त्या धरणाने एकदा घरी येऊन भेट घेतली आहे," त्या म्हणाल्या. "परतभेटीची मला हौस नाही. तुम्ही जा."

पण आजीशिवाय जाणार नाही म्हणून मुक्ता अडून बसली. नऊ वर्षांच्या नातीपुढे आईंचं फारसं चालत नाही. "काठावर बसेन. पाण्याला हात लावणार नाही," या अटीवर त्या तयार झाल्या.

शनिवारी सकाळी गाडी आमच्या गल्लीत आली आणि गल्ली बंद झाली. आत दोन पलंग, ओटा, छोटा फ्रिज, संडास-बाथरूम, सगळं. पाहायला अख्खी बिल्डिंग खाली उतरली. पहिल्या मजल्यावरच्या काकांना स्कूटर काढायची होती. त्यांनी गाडीकडे शांतपणे पाहून विचारलं, "हे घर तुम्ही पुढे नेताय, की आम्हीच दुसरं बघू?"

तुम्ही पेठांमध्ये राहत असाल तर माझा सल्ला, गाडी घरी मागवू नका. सामान घेऊन तुम्हीच सिंहगड रोडला जा. निखिलला ती गाडी लक्ष्मी रोडपर्यंत काढायला जेवढा घाम आला, तेवढा पुढच्या सबंध प्रवासात आला नाही.

रस्ता सोपा आहे. सिंहगड रोडने खडकवासला, तिथे चौपाटीवर कणीस खायला थांबायचं, मग सिंहगडाचा फाटा डावीकडे सोडून सरळ पानशेत. खानापूरपर्यंत रस्ता चांगला आहे. पुढे अरुंद होतो, आणि वळणावर समोरून एसटी आली की मोठ्या गाडीवाल्याची परीक्षा असते. डिझेल आणि भाजी आधीच भरून घ्या. भाडं दोन दिवसांचं मिळून एका बऱ्या हॉटेलच्या दोन खोल्यांइतकं पडलं. स्वयंपाक आपणच केला तर महाग वाटत नाही.

जागा अपेक्षेपेक्षा सुंदर निघाली. पावसाळा संपल्यामुळे जलाशय काठोकाठ भरलेला, चहूबाजूंनी हिरवे डोंगर, गाडीच्या दारातून उतरलं की गवत आणि गवतापुढे थेट पाणी. मोबाईलला रेंज नव्हती. मला हायसं वाटलं. निखिल मात्र फोन उंच धरून शिडीने गाडीच्या टपावर चढला.

"रेंज शोधायला पोरगं आकाशात चढलंय," आई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पाण्याकडे पाठ करून मांडली होती.

रविवारी दुपारी नावेची टूम निघाली. शेतकऱ्याचे भाऊ बबनराव मोटर लावलेली फायबरची नाव चालवतात. सगळ्यांना लाइफ जॅकेट देतात, आणि ते घातल्याशिवाय नाव हलवत नाहीत. मुक्ता जॅकेट घालून आजीपुढे उभी राहिली. "आजी, तू नाही आलीस तर मी पण नाही."

मला वाटलं, आई रागावतील. त्यांनी वळून पाण्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बबनरावांना म्हणाल्या, "त्या काठापर्यंत जाऊन लगेच परत. मध्ये थांबून निसर्ग दाखवायचा नाही."

"न्हाई दाखवत, आजी," बबनराव हसून म्हणाले.

निखिल जेवणासाठी पिठलं करायला मागे राहिला. आई मागच्या बाकावर मुक्ताला घट्ट धरून बसल्या. त्यांचे डोळे पायाशी खिळलेले. जाताना सगळं छान झालं. मुक्ताने पाण्यात बोटं बुडवली, आईंनी ती ओढून बाहेर काढली, असं चाललं होतं. पलीकडच्या काठाहून वळलो आणि डोंगरामागून काळा ढग वर आला. परतीचा पाऊस गेला असं सगळ्यांनीच धरलं होतं. बघता बघता वारा सुटला, पाण्यावर लाटा उठल्या. त्यातच मोटर दोनदा खोकली आणि बंद पडली.

बबनरावांनी दोरी ओढली, परत ओढली. नाव आडवी होऊन वाऱ्याबरोबर वाहायला लागली. ती कुठे चालली आहे हे पाहायला मी मान वळवली. दूर, जलाशयाच्या टोकाला धरणाची भिंत दिसत होती. वारा आम्हाला तिकडेच लोटत होता.

आईंनीही ती पाहिली.

"इंजन धरंना," बबनराव म्हणाले. त्यांनी नावेच्या कडेला बांधलेली दोन वल्ही सोडली. "वारं लई हाय ताई. एकट्याचं काम न्हाई. वल्हं धरता येतंय का?"

"येतं," मी म्हणाले.

कॉलेजची सगळी वर्षं मी मुळा नदीवर वल्हवत होते. नोकरी लागली, हिंजवडीची बस सुरू झाली आणि ते सुटलं. त्यानंतर वल्ह्याला हात लावला नव्हता. बबनरावांशेजारी बसून पहिलं वल्हं मारलं तेव्हा पाठीतून कळ गेली. दुसऱ्याला पाण्याचं वजन हाताला ओळखीचं लागलं.

वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. काठ आम्हा दोघांनाही दिसत नव्हता. सतत मान वळवली तर जोर कमी पडतो. मला समोर फक्त आई आणि मुक्ता दिसत होत्या.

"आई," मी ओरडले, "आपली गाडी दिसतेय का? तिच्याकडे बघत राहा. नाव कुठे वळतेय ते सांगत राहा."

त्यांनी डोळे मिटले होते. मुक्ता रडायला लागली होती. तिचं रडणं ऐकून आईंनी डोळे उघडले, तिला पोटाशी घेतलं आणि मान वर केली.

"डावीकडे जातेय," त्या म्हणाल्या.

बबनरावांनी आपलं वल्हं थांबवलं, मी माझं जोरात मारलं.

"अजून. अजून थोडं. हां, आता सरळ." मग जरा वेळाने, "मधुरा, तुझ्या बाजूने जास्त जोर होतोय, नाव फिरतेय! घरातला जड डबा उचलायला निखिल लागतो, आणि इथे एवढी ताकद कुठून आली?"

बबनराव वल्हवता वल्हवता फसकन हसले. मुक्ता रडायची थांबली. पाऊस सुरू झाला. आई एका हाताने डोळ्यांवरचं पाणी पुसत, दुसऱ्याने नातीला धरून सांगत राहिल्या: उजवीकडे, सरळ, थांबू नका, जवळ आलं. माझे तळवे सोलले होते, श्वास पुरत नव्हता, आणि खरं सांगते, मला मजा येत होती.

निखिल कंबरभर पाण्यात येऊन उभा होता. त्याने नावेची कड धरली आणि नाव चिखलात ओढून घेतली. आई उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि ओल्या गवतावर मटकन बसल्या. मी घाबरून जवळ गेले, तर त्या हसत होत्या आणि रडतही होत्या.

"त्या दिवशी अण्णांच्या खांद्यावरून मी मागे बघत होते," त्या म्हणाल्या. "आमचं तांब्याचं घंगाळ गल्लीतून तरंगत चाललं होतं. मी त्यांना सांगत होते, ते बघा, ते बघा. ते म्हणाले, डोळे मीट." मग निखिलकडे वळून त्यांनी विचारलं, "पिठलं तळाला लागलं असेल ना?"

लागलं होतं. आम्ही खरवडून खाल्लं.

तुम्ही जाणार असाल तर नाव सकाळी घ्या, दुपारच्या ढगांवर विश्वास ठेवू नका, आणि वल्ही नावेत आहेत याची खात्री करा. बबनराव आमच्याकडून भाडं घ्यायला तयार नव्हते. आम्ही बळेच दिलं.

घरी येऊन आता आठवडा झाला. माझे तळवे बरे होत आलेत. मुक्ताला रोज जेवताना पुराची गोष्ट हवी असते आणि आई ती सांगतात. दरवेळी काहीतरी नवीन आठवतं.

काल संध्याकाळी भाजी आणायला म्हणून आई मला आणि मुक्ताला जवळच्या पोहण्याच्या तलावावर घेऊन गेल्या. खिडकीतल्या बाईंनी मुक्ताकडे पाहून विचारलं, "नातीला पोहायला घालायचंय का, आजी?"

"नातीला वेळ आहे," आई म्हणाल्या. "सकाळच्या बायकांच्या बॅचला मी येणार आहे."