काकासाहेबांना घेऊन हिमेजीच्या किल्ल्यावर

जपानला जायचं आमच्या गावानं ठरवलं. काकासाहेबांनी नव्हे, आणि मी तर मुळीच नव्हे. परतूरच्या जिनिंगात एका जपानी कापूस कंपनीचं कॅलेंडर लागलं होतं, त्यावर हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला. काकासाहेब म्हणजे माझे चुलत चुलते, गावचे देशमुख. त्यांचीही एक गढी आहे, पांढऱ्या मातीची. दोन बुरूज पडलेले, उरलेल्या दोनांवर बाभळी. चित्र पाहून ते म्हणाले, "आपल्या गढीवानीच हाये." पारावरच्या मंडळींनी तो शब्द खाली पडू दिला नाही.

"मालक, असा किल्ला तुम्ही न्हाई पाह्यचा तर कोण पाह्यचा?" पाटील म्हणाले. "जाऊन या. जल्दी करू नका."

मला थोडं इंग्रजी येतं म्हणून सोबतीला माझं नाव घातलं, तेही त्यांनीच.

मी तयार झालो तो मातीसाठी. आमच्याकडे घरावर मातीचं सपाट माळवद असतं, आणि त्यावर अधूनमधून पांढऱ्या मातीचा थर द्यावा लागतो, नाहीतर पावसाळ्यात घर गळतं. ही माती गढीशिवाय कुठे मिळत नाही. काकासाहेबांनी ती दोन वर्षांपासून बंद केली होती. का, तर "लोक टोपल्यांनी माझा इतिहास नेऊन राह्यले." तो इतिहास वर नसल्यानं गेल्या पावसाळ्यात माझ्या घरात भांडी कमी पडली आणि बायको पोरीला घेऊन एका कोरड्या कोपऱ्यात बसून राहिली. एवढ्या लांबच्या प्रवासात माणूस मऊ होतो असं ऐकून होतो. म्हटलं, परवानगी घेऊनच परत यायचं.

आम्ही माघात निघालो. तुम्ही जाणार असाल तर परतूरला गाडीत बसा आणि मनमाडला हाली रुपये देऊन इंग्रजी कलदार घ्या. पुढे निजामाचा शिक्का कोणी हातात धरत नाही. काकासाहेबांना हा सरळसरळ अपमान वाटला आणि त्यांनी त्याचा राग हमालावर काढला. मुंबईहून बोट कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत कोबेला जाते. डेकवरचं तिकीट स्वस्त पडतं. काकासाहेबांनी मानासाठी वरचा वर्ग घेतला, पण मळमळ काही वर्ग पाहून येत नाही. ज्वारीचं पीठ आणि ठेचा भरपूर न्या. तिकडे मासा कच्चाच पुढे ठेवतात आणि वर हसतात.

कोबेला परतूरच्या कापूस-आडत्याचा मुनीम भेटला. मूळचा खानदेशातला, मराठी बोलणारा, म्हणून माझं इंग्रजी पेटीतच राहिलं. त्यानं आधी ओसाका दाखवलं. तिथला किल्ला नवाकोरा, सिमेंटचा, आत वर जायला चक्क विजेचा पाळणा! शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून तो बांधला, असं मुनीम म्हणाला.

"लोकांनी? सोताहून?" काकासाहेब थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्य. याला म्हंत्यात रयत!"

झालं! मी माती मागायला आलो होतो आणि ते आता आमच्याकडूनच बुरुजांची वर्गणी काढायला निघाले.

क्योतोच्या एका मठात नुसती वाळू ओढून रेघा काढलेलं अंगण आहे. लोक त्याच्यापुढे डोळे मिटून बसतात. काकासाहेब म्हणाले, "नांगरट चांगली हाये, पण पेरलंच न्हाई." मला हसू आलं. वाटलं, माणूस मऊ होतोय.

मग हिमेजी. चैत्रातच जा, फुलांनी झाडं लगडलेली असतात आणि खाली चटया टाकून अख्खं शहर खात-पीत बसलेलं असतं. काकासाहेब पागोटं बांधून, हातात शेला-नारळ घेऊन दरवाजापाशी पोचले आणि तिथेच उभे राहिले.

"धन्यानं येऊन विडा दिल्याबगर दुसऱ्याच्या गढीत पाय टाकायचा न्हाई. आपली रीत हाये."

"काकासाहेब, इथं धनी नाही. तिकीट आहे," मुनीम म्हणाला.

"मंग तिकीटवाल्याला म्हणा, आत वर्दी द्या."

उन्हं डोक्यावर आली तरी ते हलेनात. भोवती ही गर्दी! शेवटी तिकीटवाला स्वतः बाहेर आला आणि कमरेत वाकला. तिकडे सगळेच सगळ्यांना वाकतात, पण काकासाहेबांचं समाधान झालं. त्यांनी त्याला शेला पांघरला आणि नारळ दिला. त्या गरिबानं नारळ कानाशी धरून हलवून पाहिला.

आत जोडे काढावे लागतात. जिने लाकडी, अंधारे, उभेच्या उभे, धोतर सांभाळा. अगदी वरून खाली काळ्या कौलांचं गाव दिसतं. मुनीम सांगू लागला, "राजवटी गेल्या तेव्हा हा किल्ला लिलावात निघाला. घेणाऱ्याला पाडणं परवडेना, म्हणून उभा राहिला."

"अन् इथला देशमुख?"

"त्याला केव्हाच टोकियोला बोलावून घेतलं."

काकासाहेबांचा चेहरा उतरला. आता नाही तर कधीच नाही, म्हणून मी तोंड उघडलं. "काका, तेवढी माळवदापुरती माती..."

"एक ढेकूळ न्हाई. आता तर बिलकुल न्हाई."

समुद्र ओलांडून, एवढे जिने चढून मी हे ऐकायला आलो होतो! उतरताना मी त्यांना हात दिला नाही.

वैशाखात परतूरहून बैलगाडीनं गावात शिरलो. सगळी माळवदं नवी, पांढरी, उन्हात डोळे दिपवणारी. आणि गढीचा एक बुरूज साफ गायब. काकासाहेब चालत्या गाडीत उभे राहिले.

"कोणी नेली माती?"

"समद्यांनी," पाटील शांतपणे म्हणाले.

"कोणाला इचारून?"

"इचारायला आल्तो की मालक. तुम्ही जपानला गेल्ते."

मग पाटलांनी त्यांना हाताला धरून गढीखालच्या त्यांच्याच घरापाशी नेलं. त्यांच्या माळवदावर वीतभर थर होता. "पयल्या टोपल्या इथंच टाकल्या. तुमचं देवघर गळत होतं न्हवं?"

काकासाहेब शिडीनं वर चढले. पायानं दाबून पाहिलं. बुरूज परत हवा तर आता स्वतःचं घर उकरावं लागणार होतं. मग वरून आवाज आला, "पन्हाळीकडं उतार बराबर ठुला का?"

मी घरी आलो. किल्ले पाहिले, फुलं पाहिली, पण मला पाठवलं होतं ते काकासाहेबांना गावाबाहेर ठेवायला, हे आता कुठे ध्यानात आलं. बायकोला विचारलं, "मला का न्हाई सांगितलं?"

"तुमच्या पोटात काही ऱ्हातं का?" ती म्हणाली. "कोलंबोलाच सांगून बसले असते."

मला राग यायला हवा होता. मी वर पाहिलं. एकाही फटीतून आभाळ दिसत नव्हतं.